सूत्रातला ऑप-ॲम्प आणि हातातला ऑप-ॲम्प

(विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला शिक्षक. इलेक्ट्रॉनिक्सवर बोलण्याचा माझा अधिकार मुलांच्या टेबलाशेजारी उभे राहण्यापुरताच आहे. पण तेथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलगा पुस्तकातील आकृतीप्रमाणे सर्किट जोडतो, सूत्राने येणारा आकडा मीटरवर येत नाही, आणि तो नाउमेद होऊन म्हणतो, "सर, मला हे जमणार नाही." घरी वडीलही तसेच समजू लागतात. माझे म्हणणे असे की, पुष्कळदा कसूर मुलाची नसतेच.

ऑप-ॲम्प म्हणजे ऑपरेशनल ॲम्प्लिफायर. दोन तारांवरील व्होल्टेजमधला फरक कित्येक पटींनी वाढवून देणारी ही चिप होय. पुस्तक असे गृहीत धरते की, तिचा गेन अनंत, वेग अनंत आणि चूक शून्य. गणित शिकवायला हे सोयीचे आहे. मात्र लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ७४१ ही चिप अशी नाही.

भट्टीचे तापमान मोजण्याचे उदाहरण घ्या. के-प्रकारच्या थर्मोकपलमधून दर अंश सेल्सिअसला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. ते २५० पट केले की अंशामागे सुमारे १० मिलिव्होल्ट होतात. हिशेब सुरेख आहे! परंतु भाजीवाल्याच्या तराजूत जसा पासंग असतो, तसा ७४१ च्या दोन तारांतही असतो. त्याला ऑफसेट व्होल्टेज म्हणतात. तो बहुधा १ ते २ मिलिव्होल्ट, आणि साध्या प्रतीत ६ पर्यंतही भरतो. चिपला हा पासंग आणि थर्मोकपलचा माल यांत फरक कळत नाही. ती दोन्ही २५० पट करते. २ मिलिव्होल्टचे झाले अर्धा व्होल्ट, म्हणजे जवळजवळ ५० अंशांची चूक. मुलाने एकही तार चुकीची जोडलेली नाही, तरीही!

१ आणि ५ क्रमांकाच्या पायांना १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर लावून, त्याचा मधला पाय ऋण पुरवठ्याला जोडला, तर हा पासंग काढता येतो. पण चिप तापली की तो पुन्हा थोडा सरकतो.

दुसरी मर्यादा वेगाची, आणि तिची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १९६५ मध्ये बॉब विड्लर यांची ७०९ ही चिप आली. तिला बाहेरून योग्य कपॅसिटर व रेझिस्टर लावले नाहीत तर ती आपोआप कंप पावू लागे. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील डेव्ह फुलागर यांनी ७४१ मध्ये ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आतच बसवून टाकला. नवशिक्याची सोय झाली. पण तो कपॅसिटर भरायला आत अगदी अल्प प्रवाह असतो. म्हणून ७४१ चे आउटपुट एका मायक्रोसेकंदात फक्त अर्धा व्होल्ट सरकते. १० व्होल्ट शिखराची साइन लहर ८ किलोहर्ट्झच्या पुढे नेली की तिचा त्रिकोण होऊ लागतो. तेव्हा हा दोष नव्हे, सोयीची किंमत आहे.

बाकीचे थोडक्यात. ± १५ व्होल्टवर आउटपुट १३-१४ च्या पुढे जात नाही, आणि प्रवाह सुमारे २५ मिलिॲम्पिअरवर अडतो. त्यावर थेट लाउडस्पीकर चालवू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

"मग चांगली चिप घ्यावी," असे पालक म्हणतील. ओपी-०७ चा पासंग साध्या प्रतीतही १५० मायक्रोव्होल्टच्या आत असतो, पण ती ७४१ पेक्षाही संथ. टीएल-०७१ मायक्रोसेकंदाला सुमारे १३ व्होल्ट धावते, पण तिच्या नेहमीच्या प्रतीत पासंग पुन्हा काही मिलिव्होल्टचा. भट्टीचे तापमान सावकाश बदलते. तेथे ओपी-०७ च योग्य. महाग म्हणजे उत्तम, हा बाजारातला नियम येथे चालत नाही.

हे सारे आकडे उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये छापलेले असतात आणि ती फुकट मिळते. तिचे इंग्रजी पाहून बिचकू नका. निम्मी पाने कोष्टकेच असतात. त्यातही टिपिकल आकड्यावर विसंबू नका, शेजारचा कमाल आकडा पाहा.

प्रदर्शनात भाग घेणाऱ्यांनी या वेळी एवढे करावे. थर्मोकपल काढून त्या जागी दोन्ही टोके तारेने जोडावीत, आउटपुट मोजावे, त्याला २५० ने भागावे. जो आकडा येईल तो तुमच्या चिपचा पासंग. तो वहीत लिहावा, आणि मगच भट्टीकडे वळावे.