मुक्तागिरीची वाट : धबधबा एका राज्यात, वाटसरू दुसऱ्यातले



पावसाळा लागला की अमरावती-अकोल्याची पावलं मुक्तागिरीकडे वळतात. अमरावतीहून वलगाव, आसेगाव करत आणि अकोल्याहून अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाडा गाठायचं. तिथून खरपीच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं, की सातपुड्याच्या पायथ्याशी राज्य बदलतं. बावन्न मंदिरांचं हे जैन सिद्धक्षेत्र मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात येतं.

पूर्वी वऱ्हाड आणि बैतूल दोन्ही मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, बैतूल मध्य प्रदेशात राहिलं. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, तरी यात्रेकरूंची मुख्य वाट परतवाड्याचीच राहिली.

पायऱ्या चढताना पाण्याचा आवाज आधी येतो. मग वळणावर कड्यावरून कोसळणारी धार दिसते, आणि तिच्या दोन्ही अंगांना पांढरीशुभ्र शिखरं. एक मंदिर तर कड्यातच कोरलेलं आहे.

स्वतःच्या खासगी गाडीला इथे वेगळा परवाना लागत नाही. गाडी भाड्याची असेल, तर मध्य प्रदेशात चालणारा परवाना असल्याची आणि कर भरल्याची खात्री निघण्याआधीच करा. शेवाळलेल्या दगडांवर, धारेखाली जाऊ नका. हे तीर्थ आहे. तिथली शांतता आणि स्वच्छता राखणं आपलं काम. सकाळी लवकर निघा, म्हणजे उजेडातच पायऱ्या उतरून घरी परताल.