डोव्हरच्या सामुद्रधुनीवरील खासगी उड्डाण आणि आकाशातील प्रतिबंधित क्षेत्रे

इंग्लंडचा केंट परगणा आणि फ्रान्सचा उत्तर किनारा यांच्यामध्ये असलेली डोव्हरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी अवघी ३३-३४ किलोमीटर रुंद आहे, आणि २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने ती कॅलेजवळून निघून, जवळ होकायंत्रही नसताना, चाळीस मिनिटांच्या आत विमानाने ओलांडली. त्या सकाळी त्याला काळजी होती ती वाऱ्याची, धुक्याची आणि इंजिनाची. आकाशाचा अमुक भाग आपल्यासाठी बंद आहे काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता, कारण आपल्या भूमीवरील आकाशावर राष्ट्राची सत्ता असते हे तत्त्व आंतरराष्ट्रीय करारात नोंदवले जायला १९१९ साल उजाडावे लागले. आणि १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या कलमाने लष्करी गरज किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी आकाशाचे काही भाग बंद ठेवण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला स्पष्टपणे दिला. आज चार आसनांचे, एका इंजिनाचे खासगी विमान घेऊन हीच सामुद्रधुनी ओलांडू पाहणाऱ्या वैमानिकाचे निम्म्याहून अधिक काम या बंद भागांचा नकाशा आणि त्यांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवण्यात जाते, आणि ते काम विमानात बसण्यापूर्वी, जमिनीवरच पुरे करायचे असते.

अशा क्षेत्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. निषिद्ध क्षेत्रात कोणत्याही वेळी प्रवेश नसतो. प्रतिबंधित क्षेत्रात ठरावीक अटींवर किंवा परवानगीने प्रवेश मिळू शकतो. आणि धोकाक्षेत्र म्हणजे जेथे काही वेळा तोफखान्याचा सराव, गोळीबार किंवा तत्सम धोकादायक हालचाली चालतात असा आकाशाचा भाग. यांपैकी तिसऱ्या प्रकाराविषयी नवख्या वैमानिकाचा घोटाळा होतो, कारण असे क्षेत्र नकाशावर कायम छापलेले असले तरी ते सदैव चालू नसते, आणि ते या क्षणी चालू आहे की नाही हे नकाशा सांगत नाही. ते रेडिओवर विचारून घ्यावे लागते.

अशा वेगवेगळ्या क्षेत्रांचा विचार एकाच ठिकाणी कसा करावा लागतो हे पाहायचे असेल, तर केंटच्या किनाऱ्यावरील लिड विमानतळाइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. येथून फ्रान्समधील ल तुके विमानतळ सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरवर आहे, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मोटारी विमानात घालून पलीकडे नेण्याची सेवा याच किनाऱ्यांदरम्यान चालत असे. लिडच्या नैर्ऋत्येला लष्कराचे गोळीबाराचे मैदान असून त्यावर डी ०४४ क्रमांकाचे धोकाक्षेत्र आहे. ईशान्येला हाइथ येथे तसेच दुसरे मैदान आणि त्यावर डी १४१ हे क्षेत्र आहे. आणि आग्नेयेला, म्हणजे नेमके फ्रान्सच्या दिशेने, डंजनेसचे अणुऊर्जा केंद्र असून त्याच्याभोवती दोन सागरी मैल त्रिज्येचे आणि २००० फूट उंचीपर्यंतचे प्रतिबंधित क्षेत्र आखलेले आहे. तेथील वीजनिर्मिती आता थांबली आहे. तथापि केंद्र बंद झाले म्हणून त्यावरचे आकाश आपोआप मोकळे झाले असे वैमानिकाने कधीही गृहीत धरू नये, चालू प्रकाशनात काय छापले आहे तेवढेच खरे मानावे. लिडहून ल तुकेकडे नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती या वर्तुळाच्या आतून जाते. दोन-अडीच मैलांच्या अंतरात लहान विमान २००० फुटांच्या वर चढू शकत नाही, त्यामुळे वरून जाण्याचा पर्याय उरत नाही. लिडला उतरणाऱ्या व तेथून उडणाऱ्या विमानांना नियमांत काही सवलत आहे, पण तिची मर्यादा अक्षरशः वाचूनच पहिले वळण ठरवावे लागते, आणि ते वळण डावीकडे फार ताणले तर हाइथचे क्षेत्र समोर येते.

किनारा सोडल्यावर उंचीचा प्रश्न पुढे येतो, आणि या संपूर्ण नियोजनातला सर्वांत अवघड भाग हाच आहे. इंजिन बंद पडले तरी लहान विमान लगेच कोसळत नाही. ते तिरप्या रेषेत तरंगत खाली येते, आणि सेसना १७२ सारखे विमान वारा नसताना दर हजार फूट उंचीमागे साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर अंतर कापते. याचा अर्थ असा की २००० फुटांवरून जाणारे विमान कोणत्याही एका किनाऱ्यापासून साडेपाच किलोमीटरच्या पुढे गेले की इंजिन बंद पडल्यास ते पाण्यातच उतरणार. डोव्हरपासून फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापर्यंतच्या अरुंद पट्ट्यातही असे सुमारे २२ किलोमीटर उरतात आणि ताशी १८५ किलोमीटर, म्हणजेच १०० नॉट, वेगाने ते ओलांडायला सात मिनिटे लागतात. हेच विमान ५००० फुटांवर असले तर ही असुरक्षित मिनिटे दोनाच्या आत येतात, आणि ६००० फुटांवर ती जवळजवळ नाहीशी होतात. समुद्राची मागणी अशी की विमानाने शक्य तितके उंच जावे. आकाशाच्या कायद्याची मागणी मात्र उलट असते, कारण लंडनच्या मोठ्या विमानतळांकडे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांसाठी राखलेले नियंत्रित आकाश उलट्या टांगलेल्या जिन्यासारखे पायरीपायरीने पसरलेले असते आणि प्रत्येक पायरीचा तळ वेगळ्या उंचीवर असतो. त्यातील ज्या भागांना ‘अ’ वर्ग लागू आहे तेथे दृश्य-नियमांनी, म्हणजे ढगांपासून दूर राहून बाहेर पाहत, उडणाऱ्या विमानाला प्रवेशच नसतो. त्यात इंग्लिश खाडीवरचा ढगांचा तळ अनेकदा आणखी खाली असतो.

या ओढाताणीतून वाट काढण्याचा उपाय बहुधा मार्ग बदलण्यातच सापडतो. लिडहून थेट ल तुकेला जाताना साठ किलोमीटरच्या आसपास पाण्यावरून जावे लागते आणि ५००० फुटांवरही असुरक्षित मिनिटे अरुंद मार्गाच्या पाचपटीहून अधिक होतात. उलट किनाऱ्याच्या आतून डोव्हर गाठून, तेथून ग्री-ने आणि मग फ्रेंच किनाऱ्याने दक्षिणेला ल तुके, असा वळसा घेतला तर अंतर ३७ किलोमीटरने आणि वेळ बारा-एक मिनिटांनी वाढतो, पण पाण्यावरचा भाग निम्म्याने कमी होतो. बारा मिनिटांचे इंधन वाचवण्यासाठी साठ किलोमीटर पाणी पत्करणे हा चुकीचा हिशेब आहे, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा या पाण्यात पडलेल्या माणसाचे हातपाय थोड्याच वेळात काम देईनासे होतात. एका इंजिनाचे विमान किनारा गाठण्याच्या पल्ल्याबाहेर जाणार असेल तर जीवरक्षक जाकीट सक्तीचे आहे; ते आसनाखाली न ठेवता निघतानाच अंगावर चढवलेले, परंतु न फुगवलेले असावे.

येथपर्यंतची क्षेत्रे निदान नकाशावर छापलेली तरी असतात. तात्पुरती क्षेत्रे नकाशावर नसतातच. किनाऱ्यावर हवाई कसरतींचा कार्यक्रम असला, राष्ट्रप्रमुखांचा दौरा असला, किंवा खाडीवर टेहळणी करणारी मानवरहित विमाने उडणार असली, की काही तासांसाठी वा काही आठवड्यांसाठी आकाशाचा एक भाग बंद केला जातो. ६ जून २०२४ रोजी नॉर्मंडीतील दोस्त सैन्याच्या अवतरणाला ऐंशी वर्षे झाली तेव्हा त्या किनाऱ्यावर अशी बंदी होती, आणि त्याच वर्षी २६ जुलैला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनासाठी पॅरिसभोवती १५० किलोमीटर त्रिज्येचे आकाश सुमारे सहा तास बंद ठेवण्यात आले.

अशा बंदीची सूचना ज्या संदेशातून मिळते त्याला नोटॅम म्हणतात, आणि त्याची रचना अक्षरांकित रकान्यांची असते. ‘ए’ रकान्यात ठिकाण किंवा हवाई विभाग, ‘बी’मध्ये आरंभ, ‘सी’मध्ये शेवट, ‘डी’मध्ये दरम्यानचे वेळापत्रक, ‘ई’मध्ये प्रत्यक्ष मजकूर, आणि ‘एफ’ व ‘जी’मध्ये क्षेत्राची खालची व वरची मर्यादा असते. ‘बी’मध्ये २५०६०६१३०० असा दहा आकडी क्रमांक असला तर तो २०२५ सालच्या सहाव्या महिन्याची सहा तारीख आणि तेरा वाजून शून्य मिनिटे असा वाचायचा, परंतु हे तेरा वाजणे जागतिक प्रमाणवेळेचे असते. उन्हाळ्यात त्या क्षणी केंटमधील घड्याळात दुपारचे दोन, ल तुकेच्या घड्याळात तीन आणि महाराष्ट्रात संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. बंदी दुपारी एकला सुरू होणार की दोनला की तीनला, या एका गोंधळापायी उत्तम मार्ग आखलेला वैमानिकही बंद क्षेत्रात शिरू शकतो. म्हणून आराखड्याच्या कागदावर प्रत्येक वेळ प्रमाणवेळेतच लिहिणे आणि स्थानिक वेळ त्यात मुळीच न मिसळणे हा नियम कसोशीने पाळला पाहिजे. टॅब्लेटवरील, विमानाबरोबर सरकणारा नकाशा या कामी फार उपयोगी आहे, पण त्यातील माहिती शेवटच्या वेळी उतरवून घेतली त्या क्षणापुरतीच ताजी असते, आणि सकाळी पाहिलेला नोटॅम दुपारी बदललेला असू शकतो.

खाडीच्या मध्यावर लंडनचा हवाई माहिती-विभाग संपतो आणि फ्रान्सचा सुरू होतो. फ्रेंच बाजूला कॅले आणि डंकर्क यांच्यामध्ये ग्राव्हलीनचे सहा अणुभट्ट्यांचे केंद्र आहे, त्यामुळे कॅलेला उतरणाऱ्याने पूर्वेकडे भरकटू नये. आणि पश्चिमेकडील मार्गाने शेरबुरला जाणाऱ्याला ला हाग येथील अणुइंधन प्रक्रिया केंद्राचे क्षेत्र टाळावे लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर फ्रान्सने तेथे काही काळ विमानवेधी क्षेपणास्त्रे आणून ठेवली होती, यावरून त्या वर्तुळाकडे ते राष्ट्र किती गांभीर्याने पाहते हे कळते. आणखी आत गेल्यावर लढाऊ विमानांच्या अतिनीच उड्डाणांसाठी राखलेले मार्गांचे जाळे लागते. ते चालू असताना वळसा घालणे बंधनकारक आहे, कारण त्या वेगात समोरचे लहान विमान पाहून टाळणे लढाऊ वैमानिकालाही शक्य नसते. ग्री-नेहून ल तुकेकडे येताना डाव्या हाताला हार्दलोची पुळण दिसते. जे. आर. डी. टाटा यांचे बालपणीचे उन्हाळे येथे गेले, ब्लेरिओचे घर शेजारीच होते, आणि कोवळ्या वयात विमानात बसण्याचा पहिला अनुभवही त्यांना येथेच मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरलेल्या त्यांच्या विमानाची पूर्वपीठिका अशी या खाडीच्या काठावर आहे.

कागदपत्रांचा भाग किचकट असला तरी सरळ आहे. ब्रिटनमधून निघण्यापूर्वी, फार तर ४८ तास आणि निदान दोन तास आधी, विमानातील व्यक्तींची माहिती सरकारला ऑनलाइन द्यावी लागते आणि एप्रिल २०२४ पासून ती सक्तीची आहे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून फ्रान्समध्ये पहिले उतरणे सीमाशुल्क व पासपोर्ट तपासणीची सोय असलेल्या विमानतळावरच करावे लागते आणि त्यासाठी पूर्वसूचना लागते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पण भारतीय पासपोर्ट असलेल्या मराठी वैमानिकाने किंवा प्रवाशाने शेंगेन व्हिसाची खातरजमा याच टप्प्यावर करावी.

उड्डाण-आराखडा, म्हणजे मार्ग, वेळ, इंधन, माणसे आणि जीवरक्षक साहित्य यांची अधिकृत नोंद, निघण्यापूर्वी किमान एक तास दाखल करावा लागतो. अपेक्षित वेळेनंतर अर्ध्या तासातही विमान पोहोचल्याचे कळले नाही, तर शोधाची पहिली पायरी सुरू होते. नियंत्रण मनोरा असलेल्या विमानतळावर आराखडा तेथील कर्मचारी बंद करतात, परंतु परतताना केंटमधील एखाद्या गवताळ खासगी धावपट्टीवर उतरायचे असेल तर तेथे ती नोंद घेणारे कोणी नसते. म्हणून वैमानिकाने जमिनीवरील एका जबाबदार व्यक्तीला आपल्या उतरण्याची वेळ आधीच सांगून ठेवायची असते आणि अर्धा तास उलटूनही विमान आले नाही तर त्या व्यक्तीने हवाई वाहतूक सेवेला कळवायचे असते. ती व्यक्ती फोन हाताशी ठेवणारी असावी, तिच्याजवळ विमानाचा नोंदणी क्रमांक, मार्ग आणि कोणाला कळवायचे ते लेखी दिलेले असावे, आणि उतरण्याची वेळ मात्र तिला प्रमाणवेळेत न देता तिच्या भिंतीवरील घड्याळाच्या वेळेत सांगावी.