आबांच्या पद्मिनीचं इंजिन

आम्ही नणंद-भावजय, सदाशिव पेठेतल्या. घरात आबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. आबा गेल्यावर ती विकायची की ठेवायची, यावरून घरात दोन तट पडले. शेवटी ठरलं, यंदा गणपतीची मूर्ती तिच्यातून आणून दाखवा, मग बघू.

गेल्या दिवाळीत एका रंगाऱ्याकडून इंजिनाला चकचकीत चंदेरी ऑइलपेंट मारून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात जळका वास. पेट्रोल ओघळलं तिथे रंग मऊ पडला आणि महिन्याभरात पापुद्रे. निम्मी चूक आमचीच. खाली तेलाचा थर तसाच होता, तो आम्ही पाहिलाच नाही.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, आपल्या तव्यासारखा. बिडाचा तवा ओला राहिला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. यंदा डिझेलने तेलकटपणा काढला, तारेच्या ब्रशने घासलं, थिनरने पुसलं आणि त्याच दिवशी प्रायमर. घासण्यात चार दिवस गेले हो!

ब्लॉक साधारण शंभर अंशांपर्यंत तापतो. त्याला इपॉक्सी प्रायमर आणि वर हार्डनर मिसळायचा टू-पॅक पीयू रंग. पेट्रोल-तेलाला तो दाद देत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मात्र कित्येक शे अंश तापतो, तिथे हा रंग जळेल. तिथे ६०० अंश सोसणारा चंदेरी हीट-रेझिस्टंट रंग, पातळ हातांनी. तो नुसता वाळून नाही, थोडा थोडा तापवूनच पक्का होतो.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा छातीत गेला तर दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क तिथे कामाचा नाही. आमच्यातल्या एकीला आधीच दमा आहे. म्हणून पार्किंगमध्ये फवारण्याचा बेत सोडून इंजिन रंगाचं बूथ असलेल्या गॅरेजला दिलं. पैसे जास्त गेले, जाऊ देत.

रंग फिकट करडा घेतला. घरच्यांनी नाकं मुरडली. पण त्यावर गळती लगेच दिसते. आणि दिसलीच! इंजिन बसवून चालू केल्यावर तिसऱ्या दिवशी, ब्लॉकच्या कडेला पत्र्याचं गोल टोपण असतं, त्याखाली तपकिरी पाण्याचा ओघळ. चंदेरी रंगाखाली ते कधीपासून सडत होतं कोण जाणे. नवं टोपण नाना पेठेत मिळालंय, उद्या बसेल. गणपतीला अजून तीन आठवडे आहेत.