गायकाने कोठवर वाकावे?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्ते बोलतात. यंदा कार्यकारी मंडळाने आमच्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षकास उभे केले आहे. हे आमचे भाग्य की श्रोत्यांचे दुर्भाग्य, ते थोड्याच वेळात कळेल. आम्हांस लहानपणापासून पेटीचा नाद. म्हणून विषयही गाण्याचाच घेतला आहे.

आपल्या शहरातून सिल्लोडच्या रस्त्याने निघाले की फुलंब्री लागते. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचे आडनाव तेथले. जन्म मात्र १८९८ साली आळंदीस झाला. भास्करबुवा बखल्यांचे ते शिष्य. गंधर्व मंडळीच्या नाटकांतून नावारूपास आले आणि पुढे प्रभात कंपनीच्या चित्रपटांना त्यांनी चाली दिल्या. १९३५ साली प्रभातने आपल्या पैठणच्या एकनाथमहाराजांवर चित्रपट काढला. नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व, दिग्दर्शन शांतारामबापूंचे आणि संगीत कृष्णरावांचे. चित्रपटाचे नाव ठेवले होते ‘महात्मा’. सेन्सॉरला त्या नावात गांधीजी दिसले! नाथांनी अस्पृश्याचे पोर कडेवर घेतलेले चालेल, पण त्यांस महात्मा म्हणू नका, असा तो न्याय. कंपनीने नाव बदलून ‘धर्मात्मा’ केले आणि चित्रपट बाहेर आला.

आता या ठिकाणी कंपनी वाकली, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. दोन अक्षरे गेली, पण सांगायचे ते सांगून झाले. सत्ता पाटी बघते, आतला माल क्वचितच चाखते, आणि शहाणा माणूस पाटी सोडून माल वाचवतो.

तथापि काही वेळा पाटी हाच माल असतो. ‘वंदे मातरम्’ या गीताची गोष्ट तशी आहे. कृष्णरावांनी त्यास झिंझोटी रागात चाल बांधली होती. परकीय सरकारच्या नभोवाणीवर ते गीत म्हणण्यास मनाई होती. मुंबई केंद्रावर गाताना कृष्णरावांनी तेच गीत सुरू केले. अधिकाऱ्यांनी प्रक्षेपण तोडले. त्यानंतर स्वातंत्र्य मिळेपर्यंत त्यांनी नभोवाणीची पायरी चढली नाही. त्या काळी गवयास नभोवाणीचे महत्त्व केवढे होते, हे जुन्या मंडळींस सांगावयास नको. येथे नुसते नाव बदलून भागण्यासारखे नव्हते.

याच गीतापायी १९३८ च्या नोव्हेंबरात निजामाच्या राज्यात विद्यार्थ्यांनी संप केला. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांबरोबर आपल्या येथील, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, इंटरमीजिएट कॉलेजातील मुलेही त्यात होती. शेकडोंची नावे काढून टाकली गेली. त्यांतील कित्येकांस नागपूर विद्यापीठाने जवळ केले, म्हणून त्यांचे शिक्षण झाले. त्या वयाच्या मुलाच्या बापाने घरी काय भोगले असेल, ते मात्र कोणत्या ग्रंथात लिहिलेले आमच्या वाचनात नाही.

येथे रशियातील शोस्ताकोविच या थोर संगीतकाराची आठवण होते. १९३६ साली स्टालिनने त्याची संगीतिका पाहिली आणि थोड्याच दिवसांत ‘प्रावदा’ या कम्युनिस्ट पक्षाच्या पत्राने तिच्यावर निनावी लेख लिहून झोड उठवली. त्याने आपली चौथी सिंफनी मागे घेतली. ती लोकांच्या कानी पडली १९६१ साली. पाचवी मात्र १९३७ मध्ये वाजली आणि तिने त्यास वाचवले. पुढे त्याने सरकारी स्तुतीच्या रचना केल्या, परदेशी जाऊन लिहून दिलेली भाषणे वाचली आणि १९६० साली पक्षाचे सभासदत्वही घेतले. कृष्णरावांनी नभोवाणी सोडली, तेव्हा बिदागी गेली. शोस्ताकोविचने नकार दिला असता, तर मान गेली असती. दोघांस एकाच तराजूत घालून रशियनास भित्रा ठरवणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

आपल्याकडेही आणीबाणीत, १९७६ साली, किशोरकुमारांची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली होती. आम्ही तेव्हा शाळकरी. रेडिओ बिघडला असे समजून त्याच्या पाठीवर थापा मारीत होतो.

आता आमचे स्वतःचे सांगतो, कारण दुसऱ्यांच्या वाकण्यावर बोलून स्वतःबद्दल मौन धरणे शोभणार नाही. आमच्या नोकरीत एका गावी शाळेच्या दोन खोल्यांचे पैसे एका वजनदार गृहस्थांनी अडवून ठेवले होते. तेच गृहस्थ प्रमुख पाहुणे म्हणून यावयाचे होते. स्वागतगीत लिहिण्यास आमच्या एका सोबती गुरुजींस सांगितले गेले. त्यांनी साफ नकार दिला; जूनमध्ये त्यांची बदली तालुक्याच्या टोकाला झाली. गीत मग दुसऱ्याने लिहिले आणि चाल आम्ही लावली. वाईट लावली असती तरी चालले असते. पण आम्ही भूपात लावली आणि ती, सांगण्यास लाज वाटते, फार चांगली जमली. गृहस्थांस ‘विद्यामंदिराचे शिल्पकार’ म्हटले होते. तालमीत चौथीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपल्या खोल्या तर अजून पत्र्याच्याच आहेत ना?”

आम्ही भाता जोराने ओढला आणि म्हणालो, “सूर धर.”

त्या समारंभात मिळालेली शाल घरी ट्रंकेत आहे.