द्वेषाचें मूळ
(मुकुटबन येथील ज्युबिली-समारंभांत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीच्या दिवशीं आपणांस गोड बोलून घरीं पाठवावें हाच शिष्टाचार. परंतु मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषा ज्या मुलुखांत एकमेकींस भिडतात, तेथील मंडळीशीं एका कडू विषयावर बोलण्यास याहून योग्य वेळ आम्हांस दिसत नाहीं. मनुष्य आपल्याहून निराळ्या लोकांचा द्वेष कां करूं लागतो, हा तो विषय.

कोणी म्हणतात, दुष्ट माणसें द्वेष करितात. कोणी म्हणतात, अडाणी माणसें करितात. दोन्ही उत्तरें ऐकणाऱ्यास सोयीचीं आहेत, कारण आपण दुष्टहि नाहीं व अडाणीहि नाहीं अशी प्रत्येकाची खात्री असते. म्हणून आम्ही आपणांपुढें आपल्याच महाराष्ट्रांत घडलेली एक गोष्ट ठेवितों.

धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांत राईनपाडा नांवाचें आदिवासी गांव आहे. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच पुरुष त्या दिवशीं तेथें आले होते; त्यांपैकीं बहुतेक मूळचे सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडील. दारोदार भिक्षा मागून पोट भरणें हा त्या समाजाचा पिढीजात व्यवसाय. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे अशी हूल कित्येक दिवस मोबाईलवरून त्या भागांत पसरली होती. या पांचांस पाहून कोणाच्या तरी तोंडून तोच शब्द निघाला. जमाव जमला, मारहाण सुरू झाली. पुढें त्यांस ग्रामपंचायतीच्या खोलींत नेण्यांत आलें, आणि तेथें जीव जाईपर्यंत मारण्यांत आलें. पांचांपैकीं एकहि वांचला नाहीं. पळविलेलें मूल तर कोठेंच नव्हतें.

त्या वर्षीं देशभर फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीची होती. मुलांच्या सुरक्षिततेविषयीं पालकांनीं सावध राहावें म्हणून ती तयार केली होती, व तिच्या शेवटीं मूल सुखरूप परत येत होतें. कोणीतरी तो शेवट कापून टाकिला. कात्रीचें काम एवढेंच. पुढचें काम आईबापांच्या काळजानें केलें.

राईनपाड्याच्या बाजारांत आलेल्यांचें डवरी गोसाव्यांशीं कांहीं वैर होतें काय? मुळींच नव्हतें. वैर असावयासहि थोडी ओळख लागते. तेथें होती ती आपापल्या लेंकरांविषयींची माया. मायेस भीति लागली, भीतीस एक चेहरा हवा होता, आणि अनोळखी चेहरा समोरच उभा होता. द्वेष करणारा मनुष्य आपण द्वेष करितों असें स्वतःशींहि म्हणत नाहीं. आपण घराचें रक्षण करीत आहों असेंच त्यास वाटतें. म्हणूनच आम्हां धर्मगुरूंचा नेहमींचा उपदेश त्याच्यापुढें लटका पडतो. त्यास ‘प्रीति करा’ असें सांगावें, तर तो म्हणेल, ‘फादर, मी प्रीतीच करीत आहें.’

आणि तो गोसावी अनोळखी झाला कसा? पूर्वीं तो दारांत आला म्हणजे म्हातारी त्यास सुपांतून धान्य घालीत असे. तो कोण, कशाकरितां येतो, हें गांवास ठाऊक असे. भिक्षा हें त्याचें गांवांतील स्थान होतें. काळ बदलला, तें स्थान गेलें, आणि माणूस तोच राहून परका झाला. फिरता मनुष्य म्हणजे संशयित मनुष्य, ही समजूत तर एकदां सरकारनेंच लिहून ठेविली होती. १८७१ सालच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं त्या मुक्त झाल्या. कायदा गेला म्हणजे नजरहि जाते काय, हें आपल्या जिल्ह्यांतील फासेपारधी बांधवांस विचारावें.

हा दोष एका आदिवासी गांवाचा मानून आपण मोकळे होऊं नये. ख्रिस्ती युरोपांत १३४८ सालीं महामारी पसरली, तेव्हां यहुद्यांनीं विहिरींत विष कालविलें अशी हूल उठली. पोप सहावे क्लेमेंट यांनीं त्याच वर्षीं आज्ञापत्र काढून साधा मुद्दा मांडिला: यहुदीहि याच रोगानें मरत आहेत, आणि जेथें यहुदी नाहींत तेथेंहि हा रोग आहे. तरीहि १४ फेब्रुवारी १३४९ रोजीं स्ट्रासबुर्ग शहरांत शेंकडों यहुद्यांस जाळण्यांत आलें. महामारी त्या शहरांत अद्याप पोहोंचलीहि नव्हती! जाळणारे बाप्तिस्मा घेतलेले होते. यहुद्यांचें देणें ज्यांच्या अंगावर होतें, त्यांचें तें देणेंहि बुडालें. भीतीच्या पाठीमागें कित्येकदां कोणाचा तरी लाभ उभा असतो.

याच यहुद्यांचे बांधव, बेने इस्रायल, आपल्या कोंकणांत शतकानुशतकें राहिले. ते मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांचें निराळेपण नेमकें कशांत आहे हें शेजाऱ्यास ठाऊक होतें. शनिवारीं तेल मिळावयाचें नाहीं, तर शुक्रवारीं आणून ठेवावें, एवढाच त्याचा अर्थ होता.

आतां आमच्या मनास अधिक बोचणारी गोष्ट. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यांतील गडचिंचले येथें दोन साधू व त्यांचा गाडीवान यांस जमावानें ठार केलें. ते मुंबईहून सुरतेकडे अंत्यविधीस निघाले होते. मुलें पळविणारे, चोर फिरत आहेत, अशीच हूल तेथेंहि होती. परंतु पुढें त्या हत्येस धर्माचा रंग देण्यांत आला. मुसलमानांकडे बोट दाखविलें गेलें, ख्रिस्ती मिशनऱ्यांकडेहि दाखविलें गेलें. म्हणजे एका हुलेनें माणसें मेलीं, आणि त्यांच्या दुःखांतून दुसरी हूल जन्मली. आपणांकडे बोट वळलें कीं आपलेंहि रक्त तापतें, ‘ते लोक असेच’ असें शब्द ओठांवर येतात. ते शब्द उच्चारतांच आपण त्याच बाजारांत जाऊन उभे राहतों.

आमची एक लहानशी विनंति आहे. आपल्या बाजारांत भिक्षेकरी, कसरती, औषधी विकणारे येतात. त्यांस नांव-गांव विचारावें, पाण्याचा तांब्या द्यावा. मोबाईलवर भयंकर वार्ता आली तर ती शेजाऱ्याच्या मोबाईलवर ढकलण्याआधीं पोलीस पाटलास दाखवावी. आणि घरांत मुलांस निजवितांना ‘बाबा येऊन धरून नेईल’ असें सांगण्याची जी आपली जुनी खोड आहे, ती सोडावी. त्या बाबाच्या खांद्यावर झोळीच असते, हें मूल विसरत नाहीं.

राईनपाड्यास पांच मनुष्यें मेलीं, त्याच दिवशीं रात्रीं मालेगांवांत एका कुटुंबास त्याच संशयावरून जमावानें घेरलें. त्यांत दोन वर्षांचें एक मूल होतें. तेथील एका रहिवाशानें त्यांस आपल्या घरांत घेतलें व पोलीस येईपर्यंत तेथेंच ठेविलें. जमाव वाढत गेला, पोलिसांवरहि धांवून गेला; परंतु तीं सर्व माणसें, त्या मुलासकट, जिवंत राहिलीं.