पुडीतील गोळीचे नाव
(वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्चाचे वाचन झाले. आता ताळेबंदात न बसणाऱ्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधण्याची अनुज्ञा असावी. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. औषधांविषयी बोलण्याचा अधिकार आमचा नव्हे. पुढील निवेदन आपल्या डॉक्टरांकडून तपासून घेतले आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस पायांवर सूज आलेले एक वयोवृद्ध शेतकरी आपल्याकडे दाखल झाले. रक्तदाबाच्या गोळ्या चालू होत्या, त्यांत लघवी वाढविणारी एक. केसपेपरवर ‘इतर औषधे’ या रकान्यात ‘नाही’ असे लिहिलेले. रक्तातील क्रिएटिनिन मात्र बरेच वाढलेले निघाले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीने पदराची गाठ सोडून कागदाची पुडी पुढे केली. आत गुडघ्यासाठीच्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या. चार महिने, रोज दोन. आधी का सांगितले नाही, असे विचारता आजोबा म्हणाले, ‘‘ते औषध कुठं हाय? ती तर दुखायची गोळी.’’

या उत्तरात सारे आले. या जातीच्या गोळ्या वेदना वाढविणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती रोखतात. परंतु तीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा राखतात. वार्धक्य, रक्तदाबाची औषधे आणि रोजची वेदनाशामक गोळी एकत्र आली की मूत्रपिंडावर ताण पडतो. गोळी बंद केल्यावर सूज ओसरली, पण क्रिएटिनिन पूर्ववत झाले नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. पहिली पुडी आपल्याच औषध-खिडकीवरून गेली होती, पाच दिवसांसाठी. पट्टी कापून दिल्याने नाव उरले नव्हते. पुढे गोळीचा रंग दाखवून ती दुकानातून मिळत राहिली. वास्तविक डायक्लोफिनॅक चिठ्ठीविना विकू नये, असा नियम आहे.

पॅरासिटामॉलविषयी लोक निर्धास्त असतात. योग्य प्रमाणात ते सुरक्षित आहेच. डेंग्यूची शंका असता अॅस्पिरिन व आयबुप्रोफेन टाळून तेच दिले जाते. पण येथे आमच्यातला हिशेबनीस जागा होतो. तापासाठी ६५० मिलिग्रॅमची डोलो चार वेळा, म्हणजे २६००. अंगदुखीसाठी कॉम्बिफ्लाम तीन वेळा. तिच्यात आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते, म्हणजे ९७५. त्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी दोनदा, म्हणजे १०००. बेरीज ४५७५. निरोगी प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम. कृश किंवा नित्य मद्यपान करणाऱ्या व्यक्तीस डॉक्टर याहून कमी सांगतात. रुग्णाच्या समजुतीने त्याने तीन वेगळी औषधे घेतलेली असतात. खतावणीत मात्र खाते एकच. यकृताची हानी प्रारंभी जाणवत नाही, थोडी मळमळ होते इतकेच. एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, पण तो वेळेत दिला तर!

आम्ही दोन बदल केले आहेत. केसपेपरवरील प्रश्न आता ‘दुखण्यावर, तापावर, सर्दीवर काय घेता?’ असा विचारला जातो, आणि घरातील सर्व पुड्या सोबत आणण्यास सांगितले जाते. एका आजीबाईंनी तर डबाच आणला. त्यात सुपारीही होती.

दुसरा बदल खर्चाचा आहे. सुटी गोळी देताना पाकिटावर औषधाचे मूळ नाव, मात्रा, किती दिवस घ्यावी आणि मुदत संपण्याची तारीख मराठीत छापून द्यावयाची आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खिडकीशी दुपारपर्यंत एक जाणकार परिचारिका बसवावी लागेल. तूर्त हे काम दोन परिचारिका आपली नेमून दिलेली कामे सांभाळून करीत आहेत; ते फार दिवस चालणार नाही. छपाई व एका पदाची तरतूद पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात औषधालयाच्या शीर्षाखाली दाखविली आहे. विश्वस्त मंडळाने ती मंजूर करावी, ही विनंती.