हात आणि हत्यार

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



१४ डिसेंबर २०१२, शुक्रवार. चीनच्या हेनान प्रांतात चेनपेंग नावाचं खेडं आहे. तिथल्या प्राथमिक शाळेच्या फाटकाशी सकाळी एक माणूस सुरा घेऊन आला आणि दिसेल त्या मुलावर वार करत सुटला. २३ मुलं आणि एक म्हातारी बाई जखमी झाली. काहींची बोटं तुटली, काहींचे कान. त्याच तारखेला, काही तासांनी, अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी, सँडी हुक या प्राथमिक शाळेत २० वर्षांचा एक तरुण शिरला. त्याच्या हातात आईनं रीतसर विकत घेतलेली अर्धस्वयंचलित रायफल होती. त्या आईला त्यानं घरीच मारलं होतं. शाळेत त्यानं जेमतेम पाच मिनिटांत दीडशेहून अधिक गोळ्या झाडल्या. २० मुलं आणि शाळेतल्या ६ स्त्रिया गेल्या. मुलं सगळी सहा-सात वर्षांची.

चेनपेंगमध्ये एकही मूल दगावलं नाही.

माणूस असं का करतो, हा प्रश्न अशा प्रत्येक घटनेनंतर विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. पण ‘तो असं का वागला’ आणि ‘इतकी माणसं का मेली’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरंही वेगळी आहेत. पहिल्याचं उत्तर हाती येईपर्यंत दुसऱ्याला हातच लावायचा नाही, असं जे गेली कित्येक वर्षं अमेरिकेत चाललं आहे, ते मला अन्यायाचं वाटतं. आज मी इथे उभा आहे तो हे सांगण्यासाठी.

गोळीबार झाला की तिथे मूळ कारणांची यादी निघते. मोडलेली कुटुंबं, एकाकी मुलं, व्हिडिओ गेम, धर्माचा धाक उरला नाही, आणि सगळ्यात आधी मानसिक आजार. या शेवटच्या कारणाचा डॉक्टर म्हणून मला राग येतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णानं दुसऱ्याला मारण्यापेक्षा स्वतः मार खाण्याची शक्यता जास्त असते. गंभीर मानसिक आजार उद्या समूळ नाहीसे झाले तरी तिथली एकूण हिंसा फार तर चार टक्क्यांनी घटेल, असा तिथल्याच अभ्यासकांचा हिशेब आहे. आणि व्हिडिओ गेम जपानमधली मुलं काही कमी खेळत नाहीत. तिथे गोळी लागून होणारे खून वर्षाला बोटांवर मोजण्याइतके असतात.

तरीही मूळ कारणं शोधणाऱ्यांना मी खोटं म्हणणार नाही. या हल्लेखोरांची आयुष्यं ज्यांनी बारकाईनं तपासली त्यांना काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. लहानपणी सोसलेला मार किंवा अत्याचार. हल्ल्याआधीच्या दिवसांत आयुष्यात झालेली मोठी पडझड. स्वतःलाच मरायचं असणं. आधीच्या मारेकऱ्यांचा अभ्यास करणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आपण काय करणार आहोत हे आधी कुणाजवळ तरी बोलून दाखवणं. हे शेवटचं ऐकणाऱ्यानं मनावर घेतलं तर जीव वाचतात. शाळेत समुपदेशक हवा, मित्राचं ऐकून घेणारा मित्र हवा, हे सगळं मला मान्य आहे.

पण कारण सापडलंच नाही तर? १ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री लास व्हेगासमध्ये ६४ वर्षांच्या एका सधन माणसानं हॉटेलच्या ३२ व्या मजल्यावरून खाली चाललेल्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडल्या. दहा-अकरा मिनिटांत हजारावर गोळ्या. मृतांचा आकडा पुढे ६० वर गेला. एफबीआयनं वर्षभराहून अधिक काळ खणून काढलं आणि एकही ठोस हेतू हाती लागला नाही, असं लिहून दिलं. त्याच्या मनातलं कारण त्याच्याबरोबर गेलं. पण मिनिटाला शंभराच्या घरात गोळ्या कशा सुटल्या, हे मात्र थोड्याच दिवसांत कळलं होतं. रायफलीच्या दस्त्याच्या जागी ‘बम्प स्टॉक’ नावाचं साधन लावलं होतं. बंदुकीच्या धक्क्याचाच उपयोग करून ते चाप भराभर दाबला जाईल अशी सोय करतं. त्यावर बंदी आली, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द केली.

समोरून कुणी म्हणेल, सुऱ्यानंही माणसं मरतात. मरतात. २०१६ साली जपानमध्ये सागामिहारा इथे अपंगांच्या निवासगृहात एकानं सुऱ्यांनी १९ जणांना मारलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या नीस शहरात मालमोटार अंगावर घालून ८६ जणांचा जीव घेतला गेला. ज्याला मारायचंच आहे तो काहीही उचलेल, हे म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. ते किती बरोबर आहे, हे मला पुस्तकातून कळलं नाही. वऱ्हाडातल्या वॉर्डात कळलं.

तरुणपणी काही वर्षं मी विदर्भातल्या एका लहान रुग्णालयात काम केलं. कापसाचा पट्टा. तिकडे फवारणीच्या विषाला ‘औषध’ म्हणतात. रात्री बैलगाडीतून, जीपमधून माणूस यायचा, तोंडाला फेस, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी, आणि बरोबरची बाई म्हणायची, “यानं औषध घेतलं, डाक्टरसाहेब.” मी नवा होतो, पहिल्यांदा मला अर्थच लागला नाही. मग नळी घालून पोट धुवायचं, अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं देत रात्र काढायची. काही वाचायचे, बरेच जायचे. त्यांच्यामागचं मूळ कारण काय, हे आम्हाला कुणी सांगायची गरज नव्हती. कर्ज, नापिकी, पडलेला भाव, सावकार, मुलीचं लग्न. त्यावर आयोग बसले, पॅकेजं आली, पुस्तकं निघाली. तो लढा लढलाच पाहिजे, आजही.

पण जे वाचले त्यांच्याशी मी बोलायचो. ‘किती दिवसांपासून मनात होतं?’ असं विचारलं की बहुतेक जण म्हणायचे, दिवस कसले, तासाभराचा खेळ. भांडण झालं, आत गेलो, कोपऱ्यात डबा होता. तासाभराचा तो झटका जगात सगळीकडे येतो. त्या तासात हाताशी काय होतं, यावर तो माणूस पुढे म्हातारा होणार की नाही हे ठरतं.

श्रीलंकेनं हे ओळखलं. १९९५ च्या सुमारास तिथला आत्महत्यांचा दर जगातल्या सर्वाधिक दरांपैकी होता. त्या वर्षी त्यांनी अतिजहाल कीटकनाशकांवर बंदी आणली, १९९८ मध्ये एंडोसल्फान थांबवलं, नंतर आणखी काही. पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला. अभ्यासकांच्या अंदाजानं सुमारे ९३,००० जीव वाचले. श्रीलंकेतलं दुःख तेवढ्या काळात ७० टक्क्यांनी उतरलं होतं का? त्यातला बराच काळ तिथे यादवी चालू होती! विष पिणारे पुढेही पीत राहिले, पण जे प्यायले ते कमी जहाल होतं, म्हणून रुग्णालयापर्यंत पोचले आणि जगले. शेतीचं उत्पन्नही घटलं नाही. आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्याच देशात खेड्यांतल्या हजारो घरांना विष कुलपात ठेवायला पेट्या वाटून पाहिल्या. त्याचा काही उपयोग झाल्याचं दिसलं नाही. किल्ली घरातच असते. उपयोग झाला तो डब्यातलं विष बदलण्याचा.

हे तुम्ही अमेरिकेकडे वळवून पाहा. २०२१ साली तिथे बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यांत अर्ध्याहून जास्त आत्महत्या आहेत. शाळेतल्या, मॉलमधल्या हत्याकांडांचे बळी त्या आकड्यात अगदी थोडे. बातमीत शाळा दिसते. घरातल्या खणातलं पिस्तूल आणि त्यासमोर एकटा बसलेला, नोकरी गेलेला पन्नाशीचा माणूस दिसत नाही. तो माझ्या वॉर्डातल्या माणसाचा सख्खा भाऊ आहे.

आता १९९६ या सालाकडे या. त्या एका सालात तीन देशांनी तीन वाटा धरल्या.

मार्चमध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेन गावी शाळेच्या व्यायामशाळेत १६ मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. मारेकऱ्याची पिस्तुलं परवान्याची होती. सामान्य नागरिकांनी सह्यांची मोहीम काढली, सात लाखांवर सह्या झाल्या, आणि १९९७ अखेर ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुलं जवळपास संपली.

एप्रिलच्या २८ तारखेला ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे ३५ माणसं मारली गेली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना गादीवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते. ते उजव्या विचारांचे होते, त्यांच्या सरकारात ग्रामीण पक्ष भागीदार होता, आणि बंदुका बाळगणारा शेतकरी हा त्यांचाच मतदार. तरी १२ दिवसांत सगळ्या राज्यांकडून त्यांनी करार करून घेतला. अर्धस्वयंचलित रायफली बंद. बंदूक हवी तर कारण दाखवा, २८ दिवस थांबा. घरोघरच्या बंदुका सरकारनं पैसे देऊन परत घेतल्या, सुमारे साडेसहा लाख. त्यासाठी आरोग्य विम्याच्या करात वर्षभर वाढ केली. सेल नावाच्या गावी बंदूकधारकांच्या सभेत हॉवर्ड कोटाखाली चिलखत घालून बोलले. उपपंतप्रधान टिम फिशर स्वतः शेतकऱ्यांचे पुढारी होते. ते आपल्याच लोकांचे शिव्याशाप ऐकत गावोगाव फिरले. राजकारणातलं धैर्य कशाला म्हणतात असं कुणी विचारलं तर मी फिशर यांचं नाव घेतो.

लक्षात घ्या, ऑस्ट्रेलियानं सगळ्या बंदुका घेतल्या नाहीत. शेतकऱ्याकडे आजही बंदूक आहे. त्यांनी डब्यातलं विष बदललं. आधीच्या १८ वर्षांत पाच किंवा अधिक बळी घेणारे १३ गोळीबार झाले होते. नंतरच्या २२ वर्षांत तसा एकही नाही, थेट २०१८ पर्यंत. बंदुकीचे मृत्यू आधीपासूनच उतरत होते, सगळं श्रेय कायद्याला देऊ नका, असं काही संशोधक म्हणतात, आणि तो वाद विद्वानांत अजून चालू आहे. डिसेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुका सणासाठी जमलेल्या ज्यू लोकांवर गोळीबार झाला, १५ जण गेले. तिथे मूळ कारण शोधायला लांब जायला नको होतं. ज्यूंचा द्वेष. कायदा केला म्हणजे द्वेष मरत नाही. द्वेषाशी झुंज वेगळी द्यावी लागते, आणि बंदुकीचे नियम दर पिढीला पुन्हा तपासावे लागतात.

आणि तिसरी वाट. त्याच १९९६ साली अमेरिकेच्या संसदेनं अर्थसंकल्पाच्या विधेयकात एक वाक्य घातलं. रोगनियंत्रण केंद्राला इजा-प्रतिबंधासाठी मिळणारा पैसा बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार करण्यासाठी वापरता येणार नाही. वाक्य घालणारे खासदार जे डिकी. त्याचबरोबर केंद्राच्या तरतुदीतून २६ लाख डॉलर कापले. आदल्या वर्षी बंदुकीच्या इजांवरच्या संशोधनाला नेमके तेवढेच लागले होते. संकेत सगळ्यांना कळला. वीसहून अधिक वर्षं सरकारी पैशातून होणारं हे संशोधन जवळपास थंडावलं. मूळ कारणांकडे बघा म्हणणाऱ्यांनीच कारण शोधणाऱ्याच्या हातातला दिवा काढून घेतला, यापेक्षा क्लेशकारक गोष्ट मला या साऱ्या प्रकरणात दिसत नाही.

पण याच गोष्टीला एक माणुसकीची बाजू आहे. ज्यांचं काम डिकींनी बंद पाडलं ते केंद्रातले डॉक्टर मार्क रोझेनबर्ग. दोघे एकमेकांसमोर विरोधक म्हणून उभे राहिले आणि हळूहळू मित्र झाले. २०१२ मध्ये दोघांनी मिळून वर्तमानपत्रात लेख लिहिला, हे संशोधन झालं पाहिजे म्हणून. डिकी २०१७ मध्ये गेले. पैसा सुरू झाला २०२० च्या अर्थसंकल्पात.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर १६ एप्रिल २००७ आठवा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत तमिळनाडूचे प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. मारेकरी विद्यार्थ्याला डिसेंबर २००५ मध्ये न्यायालयानं स्वतःच्या जिवाला धोका ठरवून उपचार घ्यायला सांगितलं होतं. त्याचा आजार ओळखलेला होता. तो कागद बंदूक विकण्याआधीच्या तपासणी यंत्रणेत पोचला नाही, इतकंच. मानसिक आजाराचं कारण खरं धरलं, तरी दुकानाच्या काउंटरवरचा प्रश्न सुटत नाही, तो तिथेच सोडवावा लागतो.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानं बंदूक हा हक्क नाही, परवाना आहे. म्हणून आपण निर्धास्त राहू नये. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडीत, पालघरच्या आसपास, चार माणसं गोळ्यांनी मेली. तीन मुस्लिम प्रवासी आणि बंदोबस्तावरचा एक अधिकारी. आरोप आहे तो रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायावर, हत्यार सरकारी. दुपारपर्यंत आपल्याकडेही तीच चर्चा सुरू झाली, वेड की द्वेष? स्वयंचलित रायफल घेऊन रात्रपाळी करणाऱ्याची प्रकृती कोण तपासतं, गर्दीच्या डब्यात तसली रायफल लागते का, हे फार थोड्यांनी विचारलं.

माझ्या वॉर्डातला एक माणूस मला अजून आठवतो. सात रात्री त्यानं काढल्या, आठव्या दिवशी चहा मागितला. चार-पाच वर्षांनी तो रुग्णालयात पुन्हा आला, तेव्हा मी दचकलो. पण तो मुलीला घेऊन आला होता. तिला ताप होता, मलेरिया निघाला. गोळ्या लिहून देताना मी विचारलं, कर्ज फिटलं का?

“नाही ना साहेब,” तो म्हणाला. “तेवढंच आहे अजून.” आणि मुलीला खांद्यावर घेऊन औषधाच्या खिडकीसमोरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.